डावीकडे बसलेली माणसं

आमच्या डिपार्टमेंटमध्ये डबा उघडला की किस्सा निघतो. भाजी कसली आहे हे विचारायच्या आधी निलेश विचारतो, "बोल, आज कोणी काय केलं?" आणि कोणीतरी काहीतरी केलेलं असतंच. रोजचे दोन धरले तरी एवढ्या दिवसांत एक पोतं भरलं असतं.

परळच्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आम्ही बसतो. निलेश फिजिओ, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तो पेशंटला चालतं करतो. चालत जाऊन जे करायचं असतं ते मी करायला लावते. बटण लावणं, चहा गाळणं, कामावर परत जाणं. आमचे पेशंट बहुतेक पॅरालिसिसचे. त्यातही मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेले, ते किस्स्यांचे खरे मालक. डाव्या बाजूला झटका आला की बऱ्याच जणांची वाचाच अडकते, त्यांचे किस्से होत नाहीत. उजव्या बाजूवाले मात्र बोलतात. भरपूर आणि अगदी नीट बोलतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, डोकं शाबूत आहे, फक्त डावा हात-पाय गेलाय. गंमत तिथून सुरू होते.

गंमत म्हणतेय खरी. हे किस्से मी कॉलेजच्या ग्रुपवर, लग्नांत, एकदा तर मुलगा बघायला गेले तिथेही सांगितलेत. लोक हमखास हसतात. हल्ली ते हसायला लागले की मी पाण्याचा ग्लास शोधते. तेवढा वेळ कोणाकडे बघावं लागत नाही.

* * *

कांबळे सर. नायगावच्या बीडीडी चाळीत राहतात, म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. पहिल्या दिवशी व्हीलचेअरवरून आले ते इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

"सर, डावा हात वर करा."

"केला."

हात जागचा हलला नव्हता.

"सर, मला वर दिसत नाहीये."

"मग खाली घेतला. किती वेळ वर ठेवायचा?"

"पुन्हा एकदा करता का?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाळ, वर्गात लक्ष नसलेल्यांसाठी मी गणित दोनदा सोडवत नाही!"

सर खोटं बोलत नव्हते. हात गेलाय ही बातमी मेंदूच्या ज्या भागाने द्यायची, तोच भाग गेला होता. हे मला परीक्षेत दहा मार्कांना येऊन गेलं होतं. तरी मी आणि निलेश पडद्यामागे जाऊन पोट धरून हसलो. पडद्यामागे सरांची मुलगी प्रज्ञा बॅगेतून एमआरआय काढत उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि तीही थोडंसं हसली. आमची पंचाईत होऊ नये म्हणून.

* * *

दत्ताकाका राणे लालबागचे. हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात मिसरूड फुटल्यापासून सेल्समन. "ह्यांच्यासमोर बसलेली बाई रिकाम्या हाताने उठायची नाही," हे त्यांच्या बायकोने, मंगलकाकूंनी, मला नावगाव सांगायच्या आधी सांगितलं. "शब्दात साखर नुसती. घरी पण तसेच. आमटीत मीठ जास्त झालं तर म्हणायचे, आज समुद्राची आठवण काढलीस वाटतं."

वॉर्डात मी काकांचा डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर, उजव्या बाजूला आणला. "काका, हा हात कोणाचा?"

काकांनी तो निरखून पाहिला. बोटं चाचपली.

"माझा नाही."

"मग कोणाचा?"

"कोणीतरी विसरून गेलंय. काउंटरखाली ठेवून द्या. गिऱ्हाईक आठवण झाली की येतं परत."

हा किस्सा हॉस्पिटलभर फिरला. लिफ्टमनसुद्धा मला विचारायचा, "काय मॅडम, गिऱ्हाईक आलं का हात न्यायला?"

त्या दिवशी काकू माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. "मॅडम, हे चालतील, असं ते निलेश सर म्हणाले. ते कळलं. पण माझ्याशी पहिल्यासारखं बोलतील का हो?"

मला पुढच्या पेशंटची घाई होती. मी दोन पायऱ्या उतरलेसुद्धा होते.

"बोलतील की!" मी म्हणाले.

* * *

कांबळे सर घरी गेले. थोडं चालायलाही लागले. मग एका सकाळी प्रज्ञाचा फोन. "मॅडम, पप्पा आपलं घर चोरीला गेलं म्हणतायत."

झालं होतं असं. बीडीडीमध्ये मधे लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. जिन्यावरून आलं की सरांची खोली डावीकडे. आणि सरांच्या जगात डावी बाजू उरलेलीच नव्हती. डोळे चांगले, पण डावीकडे काही असू शकतं हेच मेंदू विसरलेला. सर काठी टेकत पॅसेजच्या टोकापर्यंत गेले, उजवीकडची सगळी दारं मोजली आणि शेजाऱ्यांना जाहीर केलं, "माझं दार इथून काढून नेलेलं आहे."

पण परत फिरले तर दार उजवीकडे, जागच्या जागी! तेव्हापासून सर रोज आपल्या दारावरून पुढे जातात, टोकाला जाऊन वळतात आणि परत येताना घरात शिरतात. पॅसेजमधली पोरं ओरडतात, "सर, ओव्हरशूट!"

मी विचारलं, "सर, असं का होतं असेल?"

"बिल्डिंगची रचना चुकली आहे," सर म्हणाले. "मला काय झालंय?"

* * *

मला वाटायचं, प्लास्टिकचे ठोकळे एकावर एक ठेवून कोणी बरं होत नाही. ज्याचं जे काम, त्यातूनच तो परत उभा राहणार. हे मी मीटिंगमध्ये इतक्या जोरात सांगितलं की आमच्या हेड मॅडम म्हणाल्या, "बरं बाई, कर." मग मी सगळ्यांच्या घरून जुन्या साड्या मागवल्या, दोन टेबलं जोडली, वर पांढरी चादर. झालं हिंदमाता! दत्ताकाकांना मधे बसवलं. समोर गिऱ्हाईक म्हणून डावीकडे सिस्टर फर्नांडिस, उजवीकडे मी.

काकांचा उजवा हात साडीला लागला आणि मी बघतच राहिले. एका झटक्यात पदर माझ्यासमोर असा पसरला की तो चुरगळलेला जॉर्जेटही मला विकत घ्यावासा वाटला. पण सगळं माझ्याचसमोर. सिस्टर माझगावच्या, आवाज खणखणीत. त्या आपल्या, "ओ भाऊ, इकडे दाखवा! मी काय फुकट बसली?" काका ढिम्म. सिस्टर टेबलावर थापा मारतायत, काका माझ्यासमोर सहावी साडी उलगडतायत.

शेवटी काका सुस्कारा टाकून म्हणाले, "आज एकच गिऱ्हाईक. मंदी आहे."

आवरताना एक साडी कमी भरली. सिस्टरचीच, हिरवी, काठाला मोरपंखी रेघ असलेली. सगळीकडे शोधली आणि शेवटी काकांच्या व्हीलचेअरच्या उशीखाली सापडली. "काका, दुकानात चोरी?" निलेश ओरडला. सगळे हसले.

कडेला उभ्या काकूंचा चेहरा पांढरा पडला. "चोरी नाही हो ती. सवय आहे त्यांना. नवा माल आला की एक साडी घरच्यासाठी काउंटरखाली काढून ठेवायचे. शेठला सांगून!"

दुसऱ्या दिवशी त्या ती साडी धुऊन, इस्त्री करून घेऊन आल्या. सोबत नारळाच्या वड्यांचा डबा. सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई, जुनी साडी ती, ठेव तुलाच." काकूंनी ऐकलं नाही. डब्यातली पहिली वडी निलेशने उचलली.

* * *

एकदा हेड मॅडम राउंडला आल्या आणि मजेत काउंटरसमोर बसल्या. नवी साडी नेसल्या होत्या, अबोली. "काय राणे, सांगा, कशी दिसते?"

काका पूर्वी काय म्हणाले असते ते काकूंनी मला नंतर सांगितलं. म्हणाले असते, अबोलीला आज कळलं ती कोणासाठी फुलते.

त्या दिवशी म्हणाले, "तुम्हाला शोभत नाही. कोणालाच शोभत नाही हा रंग. गोडाऊनला पडून असतो."

राग नाही, चेष्टा नाही, आवाजाला चढ नाही की उतार नाही. रेल्वेच्या अनाउन्समेंटला तरी सूर असतो. शब्द मेंदूच्या डाव्या बाजूला राहतात, पण बोलण्यातला सूर बहुतेकांचा उजवीकडे. ती माया, लाडीगोडी, समोरच्याचा चेहरा वाचून शब्द आवरणं, तेही बरंचसं उजवीकडेच. काकांचे शब्द होते तिथेच होते. साखर गेली होती.

हेड मॅडम हसल्या, मोठ्या मनाच्या आहेत. आम्हीही हसलो. एकट्या काकू खाली बघून चादरीची सुरकुती सारखी करत राहिल्या. बराच वेळ. सुरकुती कधीच गेली होती.

* * *

मग काकांचे थोरले भाऊ गेले, माझगावचे. बाराव्याला सगळा गोतावळा जमला. फोटोला हार, वहिनी कोपऱ्यात, बायकांचे डोळे पुसणं चाललेलं. तेवढ्यात काकांनी, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "जेवण कधी वाढणार? वडे गार होतील."

काकू दुसऱ्या दिवशी थेरपीला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, "नको मॅडम. घरात राहतील ते. लोकांत नको आता."

माझं डोकं फिरलं! आजाराची लाज? या काळात? मी लॅपटॉप उचलला आणि सरळ माझगावला त्या भावाच्या घरी गेले. काकूंनाही बोलावून घेतलं. मेंदूचा फोटो, उजवी बाजू लाल रंगात. सगळ्या नातेवाइकांना ओळीने बसवून समजावलं. काकांना दुःख झालं नाही असं नाही, ते चेहऱ्यावर आणि आवाजात येत नाही. वेळ कोणती आणि बोलायचं काय हे जुळवणारा भाग जखमी आहे. हा स्वभाव नाही, हा मेंदू आहे! शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. मला ते फार आवडलं होतं.

काकांची आत्या पलंगावर पान चघळत बसली होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आधी तो गोड बोलायचो, तां पण मेंदूच काय गो?"

सगळे हसले. मीही हसून लॅपटॉप बंद केला, कारण पुढची स्लाइड नव्हती. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. खरंच उत्तर पाहिजे असल्यासारख्या.

* * *

उत्तर नव्हतं, म्हणून मी उपाय दिला. मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार.

लालबागला त्यांच्या खोलीवर गेले. बघते तर सगळा संसार काकांच्या उजवीकडे मांडलेला. ताट उजवीकडे, औषधं उजवीकडे, टीव्ही उजवीकडे, आणि काकू स्वतः उजवीकडे, गुडघ्याला गुडघा लावून.

"काकू, हे लाड बंद!" मी म्हणाले. "सगळं उजवीकडे मिळालं तर मेंदू डावीकडे कशाला बघेल? आजपासून सगळं डावीकडे. ताट, पाणी, टीव्ही. आणि तुम्हीही. एकदासुद्धा उजवीकडे यायचं नाही."

"एकदासुद्धा?"

"आंघोळ घालतानाही नाही. बरं व्हायचंय ना त्यांना?"

पुस्तकात डाव्या बाजूला जोर द्यायला सांगितलंय, ते मी बरोबरच सांगितलं. 'एकदासुद्धा नाही' हे मात्र पुस्तकात नव्हतं. ते माझं.

काकूंनी शब्द पाळला. त्या दिवशीच शेजाऱ्यांना हाताशी घेऊन कपाट हलवलं, पलंग फिरवला. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, म्हणजे नजर तिथवर जाईल. डिपार्टमेंटलाही त्या काउंटरच्या डाव्या टोकाला स्टूल घेऊन बसायला लागल्या. काका तिकडे बघायचे नाहीत. त्या बसायच्या.

आणि फरक पडला! आधी वाटीतली डाळ सापडली. मग चादरीवरच्या डाव्या गठ्ठ्यातली साडी सापडली. मी टाळ्या वाजवल्या, फोनवर व्हिडिओ काढले. डब्याच्या वेळी निलेशला म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" काकू अलीकडे फार बोलत नाहीत हे निलेशच्याच लक्षात आलं. मी म्हणाले, दमत असतील.

* * *

हा शेवटचा. हा मी डब्याच्या वेळी सांगत नाही.

काकांना दुकानात अर्धा दिवस बसवून बघायला शेठ तयार झाले होते. त्याआधीची शेवटची प्रॅक्टिस. काउंटर लावलेला. उजवीकडे खुर्चीत मी, मागे निलेश, डावीकडच्या स्टुलावर मंगलकाकू, हातात काकांची पाण्याची बाटली. काकांनी मला चार साड्या दाखवल्या, त्यातल्या दोन डाव्या गठ्ठ्यातल्या. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं.

"मॅडम, एक काम होतं," काका म्हणाले.

"बोला ना."

"तुमच्या फोनवरून गावाला फोन लावता का? मंगलला."

निलेश हसायच्या बेतात होता. त्याचं तोंड तसंच राहिलं.

"काकू गावाला गेल्यात?" मी विचारलं. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? घरात दिसत नाही. बरेच दिवस झाले. जेवण येतं, औषध येतं, कोणीतरी आंघोळ घालतं. आवाज पण येतो तिचा. फोन चालू असतो वाटतं कुठेतरी."

"का गेल्या असतील?"

"दादाच्या बाराव्याला मी जेवण मागितलं. सगळ्यांत तिची मान खाली गेली." बसचा नंबर सांगावा तसं सांगत होते. "हल्ली माझं असंच होतं. बोलून झाल्यावर समजतं. तिच्यासाठी एक हिरवी काढून ठेवली होती. ती पण कोणीतरी नेली."

सिस्टर फर्नांडिस दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

काकूंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. माझ्याकडे बघून, अगदी हळू, वर्गात हात वर करून विचारावं तसं विचारलं, "मॅडम, आजच्या दिवस उजवीकडे बसू का?"

मी उठले. खुर्ची मागे सरकवायलाही मला नीट जमलं नाही, ती पडली. निलेशने ती उचलून पुसली. काकू टेबलाला वळसा घालून आल्या आणि तिच्यावर बसल्या.

काकांनी हातातली साडी खाली ठेवली.

"मंगल. कधी आलीस?"

"ही काय, आत्ताच."

"गाडीला गर्दी होती?"

काकूंनी पदर सारखा केला.

"होती. पण बसायला मिळालं."